कागदावरची दोन

छावणीच्या फाटकाशी पोचायला थोरलीला दोन तास लागले. एरवी अर्ध्या तासाची वाट. पण बरोबर आठ जनावरं, त्यात एक लंगडं, आणि बाकीचीही अशी झालेली की पाऊल उचलायचं म्हटलं तरी विचारात पडत होती. पुढे थोरली, मागे हातात काठी घेतलेली सून, आणि दोघींच्या मध्ये चालणाऱ्या फासळ्या.

थोरली ही काही तिच्या घरातली थोरली नव्हती. चार जावांत ती तिसरी. पण तिच्या जिभेला असा काही ठसका होता, की लग्न होऊन आल्यावर वर्षभरातच गावानं तिला थोरली करून टाकलं, आणि जी खरी थोरली होती तिला सगळे 'ती दुसरी' म्हणायला लागले.

फाटकावर एक टेबल होतं, टेबलावर वही आणि वहीमागे कारकून. त्याच्यामागे बांबूच्या कुंपणात वैरणीच्या गंजी रचलेल्या. वास येताच चांदीनं मान वर केली आणि तोंडातून लाळेची तार सोडली. ती घरातली सर्वांत दुधाळ गाय. पांढरी, मऊ अंगाची, आणि या उन्हाळ्यात गाभण.

"घर क्रमांक?" कारकुनानं विचारलं.

"सदतीस."

त्यानं बोट फिरवलं. "सदतीस. दोन जनावरं."

"आठ आहेत, दादा. ही काय समोर उभी आहेत."

"मला दिसतायत. डोळे आहेत मला. पण वहीत दोन आहेत. बिल्ला कुणाच्या कानाला आहे? या लंगडीच्या आणि त्या खोंडाच्या. ती दोन आत सोडा. बाकीची घरी न्या."

"अहो, बाकीचीच तर दुधाची आहेत! लंगडीनं चार वर्षांत थेंब दिलेला नाही. ती आत, आणि ही गाभण गाय बाहेर?"

"गाय कोणती आत घ्यायची ते मी ठरवत नाही. शिरगणतीत ज्याला बिल्ला लागला, त्याला चारा. शिरगणतीच्या वेळी घरी कोण होतं?"

 मागे रांगेतलं कुणीतरी हसलं. हसण्याचा हक्क असा कुणालाच नव्हता, कारण रांगेतल्या निम्म्या लोकांची हीच गत होणार होती. पण माणूस दुसऱ्याचा पाय घसरला की आधी हसतोच.

"इथे खायचं, इथेच संपवायचं," कारकून पुढे म्हणाला. "काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही. पुढचं घर!"

लंगडी फरफटत आत गेली. तिच्यामागे खोंड उड्या मारत गेला. चांदी त्यांच्या मागोमाग निघाली, तेव्हा फाटकावरच्या माणसानं तिच्या नाकावर काठी मारली. थोरलीला ती काठी स्वतःच्या तोंडावर बसल्यासारखी वाटली. सहा जनावरं वळवून ती परत निघाली. जाताना दोन तास लागले होते, येताना तीन लागले.

शिरगणतीच्या वेळी घरी थोरलीच होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस भरपूर झाला होता आणि गावाचा माज उतू जात होता. कुठून तरी वार्ता आली की सरकार गुरं मोजणार आणि मग गुरांवर डोईपट्टी बसवणार. कुणी आणली ही वार्ता ते आजवर कळलेलं नाही. पण गावानं ती अशी उचलून धरली की मोजणीच्या आदल्या दिवशी निम्म्या गावानं गुरं ओढ्याच्या घळीत नेऊन दडवली. सगळीच दडवली तर संशय येईल, म्हणून घरात एक-दोन ठेवायची असं ठरलं. आणि घरात ठेवायची कोणती, तर जी गेली तरी चालतील अशी. चांगलं जनावर सरकारच्या नजरेस कोण पाडणार? थोरलीनं लंगडी ठेवली, आणि अंगभर खरूज झालेलं, जगेल असं कुणालाच न वाटलेलं एक वासरू.

मोजायला मास्तर आले होते. गावच्या शाळेतले, पांढरे कपडे घालणारे, हळू बोलणारे. त्यांनी दाराशी बसून फॉर्म काढला.

"किती जनावरं, थोरली?"

"दोन."

मास्तरांनी मान वळवून गोठ्यात पाहिलं. गोठ्यात दावणीला आठ खुंटे होते आणि कोपऱ्यात गुडघाभर शेणाचा ढीग. अजून वाफा निघत होत्या त्याच्यातून.

"दोन जनावरांचं एवढं शेण?"

"खातात भरपूर," थोरली म्हणाली.

मास्तर हसले. त्यांनी दोन लिहिलं, दोघांच्या कानात पिवळे बिल्ले ठोकले, वहीत 'तांबडी, पाय अधू' आणि 'काळा खोंड, त्वचारोग' अशी नोंद केली, आणि घट्ट दुधाचा चहा पिऊन गेले. तो चहा कितव्या गाईच्या दुधाचा, हे त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी गावभर हशा पिकला. प्रत्येक घरी आपण मास्तरांना कसं गंडवलं याच्या गोष्टी, आणि सगळ्यांत जास्त हशा 'खातात भरपूर'ला. पुढचं वर्षभर लोक थोरलीला पाहिलं की तेच म्हणायचे, आणि थोरलीलाही ते आवडायचं.

खरं बोलली होती ती एकटी कुंभारीण. नवरा गेलेली, चाकावर एकटी राबणारी. तिच्या तीन शेळीएवढ्या गाई होत्या आणि तिनं तीन सांगितल्या. लोकांनी वेड्यात काढलं तेव्हा म्हणाली होती, "मला तीनच्या पुढे मोजता येत नाही आणि तीनच्या मागे येता येत नाही. काय करू?"

डोईपट्टी काही बसली नाही. ती बसणारच नव्हती. मग दोन पाऊस चुकले, आणि वरून चारा आला तो शिरगणतीच्या वहीबरोबर आला.

आता दिवस असे चालले. उजाडायच्या आत सून दोन कोसांवरच्या विहिरीकडे जायची. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी घागरीत भरायचं, घागर दोरानं वर, मग पुन्हा खाली. दोन घागरी भरायला दुपार व्हायची. एक माणसांना, एक सहा जनावरांना. थोरली विळा घेऊन निघायची. आधी बांधावरचा पाला संपला, मग झाडांच्या कोवळ्या फांद्या संपल्या, मग ती साली काढायला लागली. ओल्या सालीत थोडा तरी रस असतो. ती कुटून, भिजवून, गव्हाणीत टाकायची. जनावरं हुंगायची, तिच्याकडे बघायची, आणि मग खायची. त्यांचं ते बघणं तिला सहन होत नसे.

म्हातारा, म्हणजे तिचा नवरा, कमरेनं अधू होता. तो गोठ्यात बसायचा आणि सून घराच्या छपराचं जुनं गवत उपसून त्याच्या पुढ्यात टाकायची. तीन वर्षांचं, धुरानं काळं पडलेलं गवत. तो ते काडीकाडीनं निवडून, झटकून, सहा वाटे करायचा. घरावरचं छप्पर दिवसेंदिवस विरळ होत गेलं आणि दुपारी उन्हाचे पट्टे जेवणाच्या ताटात पडायला लागले. मुलगा रस्त्याच्या कामावर लांब गेला होता. तिकडून निरोप यायचा, की जनावरं विकून टाका. विकायची कुणाला? गुरांचा दलाल एकदा येऊन गेला, चांदीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "कातड्याचं बोलत असाल तर बसतो." म्हाताऱ्यानं त्याला चालता केलं.

रोज दुपारी थोरली लंगडीला आणि खोंडाला घेऊन छावणीत जायची आणि संध्याकाळी परत यायची, कारण आपली जनावरं आपणच आणून खाऊ घालायची असा नियम होता. लंगडीसमोर हिरवी वैरण टाकायची. लंगडी भरल्या पोटानं रवंथ करत बसायची. महिन्याभरात तिच्या अंगावर तकाकी आली. खोंडाचा तर वळू झाला. एकदा सुनेनं अंगावरच्या चादरीच्या आत वैरणीची एक पेंढी गुंडाळली आणि पोटाशी धरून फाटकाबाहेर निघाली.

"थांबा," कारकून म्हणाला. "कितवा महिना?"

 रांगेतले पुरुष बघत होते.

"काढा. मला हात लावायला लावू नका."

तिनं चादर सोडली. पेंढी पायाशी पडली. कारकुनानं ती उचलून गंजीवर टाकली आणि वहीत काही लिहिलं नाही, एवढा चांगुलपणा त्यानं केला.  घरी आल्यावर सून म्हणाली, "आई, मी उद्यापासून विहिरीवर तीनदा जाईन. पण तिथे मला पाठवू नका."

थोरली नुसती 'बरं' म्हणाली. दुसऱ्या दिवशी एक कालवड बसली ती उठली नाही.

तेव्हा थोरली मास्तरांकडे गेली. मास्तर आता निवृत्त झाले होते आणि अंगणात खाट टाकून पेपर वाचत होते. तिनं जायच्या आधी मनात भांडणाची सगळी तयारी केली होती. म्हणणार होती, की तुम्हाला शेण दिसत होतं, तुम्ही का लिहिलंत? पण तिनं तोंड उघडायच्या आत मास्तरच म्हणाले, "मला शेण दिसलं होतं, थोरली."

"मग?"

"आम्हाला शिकवलं होतं, विचारायचं आणि सांगतील ते लिहायचं. त्या दिवशी पंचावन्न घरं करायची होती. आणि मलाही वाटलं, गरिबाची चार गुरं, वाचली पट्टीतून तर वाचू देत. मला वाटलं मी तुमच्यावर उपकार करतोय."

"आता करा."

मास्तर करायला तयार झाले, हे मात्र सांगायला हवं. त्यांनी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला, धुतलेला सदरा घातला आणि ते तिच्याबरोबर मोठ्या गावच्या ऑफिसात गेले. तिथे व्हरांड्यात तीन तास बसल्यावर साहेबांनी आत बोलावलं. साहेब तरुण होता, उर्मट नव्हता. त्यानं अर्ज दोनदा वाचला आणि कपाटातून एक जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं.

"हे बघा. तुमचं गाव. एकूण जनावरं एकशे बारा. हा आकडा इथून वर गेला, तिथून राजधानीत गेला, तिथे छापला. त्यावर चारा मंजूर झाला. एकशे बारा तोंडांचा. तुमची पाच धरली तर कुणाच्या पाच तोंडांतला काढू?"

"कुणाच्याच नको. जास्तीचा मागवा."

"कशावर मागवू? पुस्तकात तर गाव खूश आहे." तो पुस्तक मिटत म्हणाला. "दुसरं असं, की या अर्जात तुम्ही लिहून देताय की आम्ही सरकारला खोटं सांगितलं. त्याला शिक्षा आहे, माहीत आहे? आणि मास्तर, तुम्ही लिहून देताय की दिसत असूनही खोटं नोंदवलं. पेन्शन सुरू झालं ना तुमचं?"

मास्तरांचा हात अर्जाकडे गेला. तो तिथे थोडा वेळ राहिला. मग त्यांनी अर्ज उचलून घडी केला आणि खिशात ठेवला. बाहेर आल्यावर ते थोरलीच्या दोन पावलं मागून चालत राहिले, आणि गावाच्या फाट्यावर आपल्या घराच्या वाटेला लागले. थोरलीला त्यांचा राग येईना. राग यायला ती स्वतः कुठे धुतल्या तांदळाची होती?

गावानं मिळून अर्ज करावा असंही एकदा चावडीवर निघालं. पण मोजून किती दडवली ते लिहून द्यायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा तीच डोईपट्टी उभी राहिली. "आज चाऱ्यासाठी विचारतील आणि उद्या पट्टी लावतील," एक जण म्हणाला. सगळे उठून गेले.

आठवड्यात म्हैस गेली, आणि तिच्या मागोमाग दुसरी कालवड. गोठ्यात चांदी, मोरी आणि कपिली एवढ्या तीन राहिल्या. चांदीच्या पोटातलं वासरू अजून हलत होतं. थोरली हात लावून बघायची.

कुंभारणीच्या तिन्ही गाई छावणीत होत्या. एका दुपारी ती थोरलीच्या दाराशी आली आणि पाठीवरचं मडक्यांचं ओझं उतरवलं. मडकी रिकामी नव्हती. प्रत्येक मडक्यात दाबून दाबून वैरण भरली होती.

"माझ्या मडक्यात कोण बघतंय?" ती म्हणाली. "घे. भांडी रिकामी करून दे."

थोरलीला ती घेणं जिवावर आलं. हीच बाई दारावरून जाताना थोरली आणि दोन शेजारणी फिदीफिदी हसल्या होत्या. तिनं मडकी रिकामी केली. मान खाली घालूनच केली. मग म्हणाली, "तुझ्याकडे तांबडी माती आहे का? भांड्यांना लावतेस ती?"

"आहे की. किती?"

"एका गाईपुरती."

कुंभारीण तिच्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं. "वेडी आहेस का? पकडतील."

"तो कारकून जनावर बघतच नाही. महिनाभर मी बघतेय. तो नुसता बिल्ल्याचा नंबर बघतो."

सुनेनं दुसरंच सुचवलं. म्हणाली, "आई, मग कपिलीला न्या ना. ती तांबूसच आहे. माती लागणार नाही." खरं तर अक्कल त्यातच होती. पण थोरलीच्या डोळ्यांसमोर चांदीखेरीज काही येईना. दोन जीव आहेत, दूध आहे, पुढचं वर्ष आहे. ती म्हणाली, "न्यायची तर चांदीच."

त्या संध्याकाळी लंगडी छावणीतून परत आली, तेव्हा म्हाताऱ्यानं तिचं तोंड धरलं. थोरलीनं दाभण तापवून बिल्ल्याची खीळ उचकटली. लंगडीचा कान चिरला, रक्त म्हाताऱ्याच्या मनगटावर आलं. लंगडी हंबरली नाही. एवढं खाऊन-पिऊन सुस्त झालेलं जनावर, आपल्याला घरच्यांनीच दुखवलं याचं तिला बहुधा नवल वाटलं असेल. मग चांदीच्या कानात तो बिल्ला बसवला. अंगाला तांबडी माती चोळली. शेवटी थोरलीनं तिच्या मागच्या खुरात एक खडा रुतवून चिंधीनं बांधला, म्हणजे ती लंगडेल.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी कारकुनानं नंबर बघितला आणि बोट हलवलं. आत.  आत थोरली वैरण टाकायला वाकली एवढ्यात फाटकाशी जीप थांबली. पाहणीला साहेब आला होता, तोच, निळ्या पुस्तकाचा.

तरीही निभावलं असतं. साहेब दुरून चालला होता, जनावरांकडे नव्हे, गंजींकडे बघत. पण चांदीला पाणी दिसलं. महिनाभर ती वाटी-वाटी पाण्यावर होती. समोर सिमेंटचा हौद, काठोकाठ भरलेला. तिनं थोरलीच्या हातातलं दावं हिसडलं, खुरातल्या खड्याची पर्वा न करता धावली, आणि पुढचे दोन्ही पाय हौदात घालून मानेपर्यंत पाण्यात बुडाली. हौद लाल झाला. चांदी पाणी पीत राहिली आणि तिच्या मानेवरून, खांद्यावरून, लाल ओघळ उतरत राहिले. खालून पांढरी गाय निघाली.

आधी कुणाला वाटलं जनावर कापलं गेलंय. मग एक जण हसला. मग सगळे हसले. साहेबसुद्धा हसला, आणि हसू दाबून म्हणाला, "वही आणा."

वहीत 'तांबडी, पाय अधू' होतं. बिल्ला कापून घेतला. सदतीस क्रमांकाच्या घरासमोर दोनाचा आकडा खोडून एक केला आणि खाली सही झाली. थोरली मोठ्यानं म्हणाली, "मला करा काय करायचं ते! तिला पिऊ द्या! पोटभर पिऊ द्या तिला!" तेवढं मात्र त्यांनी ऐकलं. चांदी पोट फुगेपर्यंत प्यायली.

चांदी त्यानंतर नऊ दिवस जगली. वासरू तिच्याआधी एक दिवस पोटात हलायचं थांबलं. थोरलीनं हात ठेवला होता तेव्हाच ते थांबलं असावं, असं तिला नंतर नेहमी वाटत राहिलं. मग कपिली. मग मोरी, जी फार मागणारी नव्हती आणि गेलीही तशीच, खुंट्याशी मान टेकून. लंगडीला आता छावणी बंद होती. महिनाभर हिरवं खाल्लेल्या तिच्या पोटाला साली पचेनात. ती सर्वांत शेवटी गेली आणि सर्वांत जास्त ओरडून गेली. प्रत्येक वेळी थोरली आणि सून दोरानं ओढत जनावर ओढ्याच्या घळीत नेत. शिरगणतीच्या वेळी जिथे ती दडवली होती, तिथेच. दुसरी जागा गावाला नव्हती.

खोंड जगला. तो रोज छावणीतून गुबगुबीत होऊन यायचा आणि रिकाम्या गोठ्यात एकटा हंबरायचा.

पुढच्या साली पाऊस झाला. फार नाही, पण झाला. आणि पाऊस झाल्यावर, मोजायचं ते आता, म्हणून शिरगणती आली. या वेळी गाव शहाणं झालं होतं. कमी सांगून मेलो, तर आता जास्त सांगायचं. सकाळपासून मागच्या बोळातून गुरं पळवणं सुरू होतं. मोजणारी एका घरात चहा घेत असे तोवर त्या घरातली गाय मागच्या दारानं पुढच्या घराच्या गोठ्यात. एक शिंगमोडी गाय थोरलीनं स्वतःच्या डोळ्यांनी चार गोठ्यांत बांधलेली पाहिली. चौथ्या घरापर्यंत तीही दमून गेली होती.

म्हातारा गोठ्यात दोर वळत बसला होता. आतूनच म्हणाला, "अगं, चार तरी सांग. शेजारचा दोन द्यायला तयार आहे, मागनं आणतो म्हणतो."

"नको," थोरली म्हणाली. "खरं काय झालं ते लिहिलं पाहिजे कुठेतरी. मेलेली लिहू दे त्यांना."

मोजायला एक तरुण मुलगी आली होती. हातात छोटं यंत्र होतं, बोटानं दाबायचं. बोलायला गोड होती. दाराशी बसली, पाणी मागून प्यायली.

"किती जनावरं, मावशी?"

"एक."

"एक." तिनं यंत्रावर दाबलं. "आधीची नोंद दोन. म्हणजे घट एक."

"घट सात," थोरली म्हणाली. "आठ होती. सात मेली."

मुलगी हसली. "नाही मावशी, दोन होती. इथे आहे ना."

"ते मी खोटं सांगितलं होतं. तू बसलीस तिथेच मास्तर बसले होते. मी या तोंडानं सांगितलं दोन, आणि होती आठ. आता मी खरं सांगतेय, शपथेवर सांगतेय. सात लिही."

मुलीचा चेहरा उतरला. ती वाईट नव्हती. तिनं खरंच सात दाबून पाहिलं. यंत्रावर एक लाल चौकोन उमटला. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. तिनं यंत्र थोरलीच्या तोंडासमोर धरलं. "बघा ना. घेतच नाही. दोनांतून सात वजा कशी होतील? एक घातलं की पुढे जातं."

तिनं एक घातलं. चौकोन हिरवा झाला.

"घट जास्त असेल त्या गावांना नवीन वासरं देणार आहेत," उठता उठता ती म्हणाली. "पण तुमचं गाव काही त्यात बसायचं नाही. तुमच्याकडे तर वाढ झालीय, मावशी! एवढ्या दुष्काळात वाढलेलं हे एकच गाव असेल. चांगलंच आहे ना?"

थोरली तिला अंगणाबाहेर सोडायला गेली नाही. ती उठून गोठ्यात गेली. आठ खुंटे होते आणि एकाला खोंड बांधलेला. म्हाताऱ्यानं दोरावरून नजर वर केली.

"लिहिली का?"

"लिहिलं. एक मेलं म्हणून लिहिलंय."

म्हाताऱ्याचे हात थांबले. तो तिच्याकडे बघत राहिला, खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखा.

"कुठलं?" त्यानं विचारलं.

थोरली गव्हाणीला टेकून खाली बसली. त्या सातांपैकी कुणा एकीचं नाव तिला घेववेना.